बेटावरच्या बागेची मालकीण

दारात चार कुंड्या ठेवायला जागा मिळाली तरी आपल्याला किती आनंद होतो! मग एखाद्या बाईला अख्खं बेटच मिळालं तर? स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला, इटलीच्या सीमेजवळ माज्जोरे नावाचं मोठं सरोवर आहे. त्यात ब्रिसागोची दोन छोटी बेटं आहेत. थोरलं बेट जेमतेम अडीच हेक्टरचं, म्हणजे सव्वासहा एकरांचं. अस्कोना गावाहून बोटीनं मी तिथं उतरले आणि चक्रावलेच. स्वित्झर्लंड म्हटल्यावर डोळ्यांसमोर बर्फ येतो. इथं मात्र ताडामाडाच्या जातीची झाडं, बांबूची बेटं, निलगिरी, घायपात, कॅमेलिया! आपल्या कोकणातल्या एखाद्या वाडीत शिरल्यासारखं वाटलं.

ही किमया एका बाईची. नाव बॅरोनेस आन्त्वानेत द सेंट लेजर. जन्म 1856 चा, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. त्या रशियाच्या झारची मुलगी असल्याची कुजबुज जन्मभर त्यांच्या मागे होती. खरं-खोटं देव जाणे. 1885 मध्ये आयरिश नवऱ्यासोबत त्यांनी ही बेटं विकत घेतली. तेव्हा तिथं पडक्या इमारती आणि खडकाळ जमीन होती.

आन्त्वानेतबाईंनी पदर खोचला, असंच म्हणायला हवं! बोटी भरभरून सुपीक माती आणवली आणि देशोदेशींची रोपं मागवली. या जागेचं मर्म त्यांनी ओळखलं होतं. उत्तरेकडून येणारे गार वारे आल्प्सचे डोंगर अडवतात. सरोवराचं पाणी उन्हाळ्यातली ऊब साठवून ठेवतं आणि थंडीत ती हळूहळू सोडतं. त्यामुळे एरवी त्या देशात जगणार नाहीत अशी झाडं इथं तग धरतात. कुठलं रोप जगलं, कुठलं थंडीनं गेलं, यावर बाईंचं बारीक लक्ष असे. 1913 मध्ये तर लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकात या बेटावरच्या वनस्पतींबद्दल त्यांचा लेख छापून आला. म्हणजे ही नुसती श्रीमंत बाईची हौस नव्हती, चांगला अभ्यास होता.

घरी पाहुण्यांचा राबता असे. ‘युलिसिस’ लिहिणारे जेम्स जॉइस 1919 मध्ये त्यांना भेटायला आले होते. पण संसाराची घडी केव्हाच विस्कटली होती. 1897 मध्येच नवरा बेट सोडून निघून गेला होता. बाई मागे राहिल्या त्या बागेसाठीच.

पुढे मात्र पैशांचं गणित चुकलं. परदेशातल्या नाना उद्योगांत त्यांनी पैसा घातला आणि तो बुडाला. यात नशिबाला तरी किती दोष द्यायचा? रोपाची नाडी अचूक ओळखणाऱ्या बाईंना व्यवहाराची नाडी सापडली नाही. कर्ज वाढत गेलं. अखेर 1927 मध्ये बेटं विकावी लागली. हॅम्बुर्गचे बडे व्यापारी मॅक्स एम्डेन यांनी ती घेतली. त्यांनी बाईंचं घर पाडून तिथं आलिशान हवेली बांधली. पण बाग मात्र राखली, हे त्यांचे उपकारच.

आन्त्वानेतबाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. सव्वासहा एकरांची मालकीण शेवटी जवळच्याच इंत्रान्या गावच्या अनाथ-वृद्धांच्या आश्रमात राहिली. 1948 मध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी, तिथंच त्यांनी डोळे मिटले. चाळीसहून अधिक वर्षं जिथं घाम गाळला, तिथली एक फांदीसुद्धा तेव्हा त्यांच्या नावावर नव्हती.

दैव पाहा! पुढच्याच वर्षी एम्डेन यांच्या वारसाकडून ही बेटं तिचिनो प्रांताचं सरकार, आसपासची गावं आणि निसर्गप्रेमी संस्था यांनी मिळून विकत घेतली. 1950 पासून बाग सगळ्यांसाठी खुली झाली. जगभरच्या दीडेक हजार जातींची झाडं आज तिथं आहेत. आणि 1972 मध्ये बाईंच्या अस्थी इंत्रान्याहून बेटावर आणल्या गेल्या. आता त्या आपल्या झाडांमध्येच विसावल्या आहेत.

आन्त्वानेतबाईंकडून मी दोन गोष्टी घेतल्या. पहिली व्यवहाराची. सही करण्याआधी कागद वाचावा, पैसा कुठे जातोय ते बघावं, आणि डोक्यावरचं छप्पर कधीही पणाला लावू नये. बाग कितीही फुलली तरी म्हातारपणी ती ताटात भाकरी वाढत नाही. दुसरी गोष्ट मात्र मनाला उभारी देणारी आहे. सातबाऱ्यावरचं नाव पुसता येतं, पण मनापासून लावलेलं झाड कुणाचं आहे हे विसरलं जात नाही. एम्डेन यांची हवेली तिथं दिमाखात उभी आहे. तरीही त्या बागेत फिरताना पहिली गोष्ट सांगितली जाते, ती या बाईचीच!