दासोपंत आणि त्यांची पासोडी

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आष्टी आणि पूर्वेकडे बालाघाटाच्या रांगेत आंबेजोगाई आहे. मुकुंदराजांच्या समाधीमुळे परिचित असलेल्या या गावी सुमारे चारशे वर्षांपूर्वी दासोपंतांनी पांघरण्याच्या जाडजूड कापडाचा ग्रंथ केला. नित्य वापरातील वस्तूला कलेत अर्थ कसा येतो, हे समजून घेण्यासाठी त्यांचे चरित्र पाहू.

दासोपंतांचा जन्म 1551 मध्ये बीदरच्या बरीदशाहीच्या अमलाखालील नारायणपेठ येथे, सधन देशपांडे घराण्यात झाला. त्यांचे वडील दिगंबरपंत आणि आई पार्वतीबाई. दुष्काळामुळे वडिलांकडून सरकारी वसूल भरला गेला नाही आणि बादशहाने कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवले, अशी कथा परंपरेने जपली आहे. मुदत संपता संपता दत्ताजी पाडेवार नावाचा अनोळखी मनुष्य रक्कम भरून निघून गेला. तो प्रत्यक्ष श्रीदत्तच होता, ही भक्तांची श्रद्धा. सुटकेनंतर दासोपंतांनी घरची संपन्नता सोडून दत्तात्रेयाचा शोध आरंभिला. माहूरला त्यांनी दीर्घ तप केले. पुढे गोदातीरावरील राक्षसभुवन येथे साधना केली आणि अखेर ते आंबेजोगाईस स्थिरावले.

येथे त्यांनी अफाट लेखन केले. भगवद्गीतेवरील ‘गीतार्णव’ या टीकेची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख मानली जाते. ‘ग्रंथराज’ आणि असंख्य पदेही त्यांच्या नावावर आहेत. म्हणजे पोथी लिहिण्याची साधने त्यांच्यापाशी होती. तरीही पंचीकरण हा विषय मांडताना त्यांनी सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद असे खादीचे कापड निवडले आणि त्यावर ओव्यांबरोबर आकृत्याही रेखाटल्या. हीच प्रसिद्ध ‘पासोडी’.

पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे वस्त्र. शेतकरी, वाटसरू, बैरागी यांच्या खांद्यावरची ही वस्तू. तिच्यात मोलाचे असे काही नाही. मग हीच निवड का अर्थपूर्ण ठरते? पंचीकरणाच्या सिद्धान्तानुसार प्रत्येक स्थूल महाभूतात निम्मा अंश त्याचा स्वतःचा आणि एकेक अष्टमांश इतर चार भूतांचा असतो. या मिश्रणातूनच देह घडतो. देह हे आत्म्याचे वस्त्र आहे, ही कल्पना गीतेमुळे मराठी श्रोत्यांच्या परिचयाची होती. त्यामुळे देहाची घडण वस्त्रावरच लिहिली गेली, तेव्हा कापड केवळ लेखनाचे साधन न राहता विषयाचाच भाग बनले, असे म्हणता येते. शिवाय पोथी वाचणाऱ्यापुढे एका वेळी एकच पान असते. पसरलेली पासोडी मात्र अनेकांना एकत्र पाहता येते. तत्त्वज्ञान डोळ्यांना दिसावे, यासाठी हे माध्यम अनुरूप होते.

1917 मध्ये मार्सेल द्युशाँ या कलावंताने बाजारात मिळणारे मुतारीचे भांडे न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी पाठविले आणि कलाकृती घडवावी लागते की निवडल्यानेही होते, असा वाद उभा केला. दासोपंतांचा हेतू वाद घालण्याचा नव्हता. तो बोधाचा होता. द्युशाँने वस्तूचे स्थान बदलले. दासोपंतांनी वस्तूचा जुना अर्थ जिवंत ठेवून त्यावर नवा अर्थ लिहिला. निवड मात्र दोन्ही ठिकाणी निर्णायक आहे.

1615 मध्ये दासोपंतांनी आंबेजोगाईस देह ठेवला. पासोडी तेथेच जतन झाली. आरंभी पांघरूण, मग ग्रंथ आणि पुढे वंदनीय ठेवा, असे तिचे संदर्भ बदलत गेले. तिच्या ओव्या छापील पुस्तकात वाचल्या तर शब्द हाती येतात; परंतु कापड निवडण्यामागील विचार निसटतो. म्हणून जुन्या साहित्याचा अभ्यास करताना काय लिहिले याबरोबरच कशावर लिहिले, हेही विचारले पाहिजे.

स्वयं-अध्ययनासाठी : आष्टी तालुक्यातून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाच्या बोचक्यात एक गोधडी असते. तीच गोधडी संग्रहालयाच्या भिंतीवर टांगली, तर तिच्या अर्थात कोणती भर पडेल आणि काय हरवेल? पासोडीच्या आधारे आपल्या शब्दांत लिहा.