केशवराव भोसले

केशवराव विठ्ठलराव भोसले (जन्म : कोल्हापूर, ९ ऑगस्ट १८९०, मृत्यू : ४ ऑक्टोबर १९२१) हे मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट आणि ललितकलादर्श या नाटक मंडळीचे संस्थापक होते. केवळ ३१ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी बालनट, स्त्रीपार्टी, नायक आणि मंडळीचे मालक अशा चारही भूमिका पार पाडल्या. कोल्हापूर येथील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह त्यांच्या नावाने ओळखले जाते.

बालपण

केशवराव लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. आई जनाबाई यांच्यावर संसाराचा सर्व भार पडला. त्या काळी नाटक मंडळीत मुलांना अन्नवस्त्राबरोबर गाण्याची तालीमही मिळत असे. त्यामुळे गरीब घरातील गोड गळ्याच्या मुलांना तो एक आधार होता. केशवराव अगदी कोवळ्या वयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. शाळेचे शिक्षण त्यांना जवळजवळ लाभलेच नाही. संवाद, पदे आणि रंगभूमीची शिस्त ते मंडळीतच शिकले. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'शारदा' नाटकातील नायिकेच्या भूमिकेने त्यांना लहान वयातच कीर्ती मिळवून दिली. वृद्धाशी विवाह ठरलेल्या मुलीची व्यथा प्रत्यक्ष एका मुलाच्या तोंडून ऐकताना प्रेक्षक हेलावून जात.

ललितकलादर्श

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे केशवरावांनी ललितकलादर्श मंडळीची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. आरंभी 'सौभद्र', 'मृच्छकटिक', 'शारदा' अशी लोकप्रिय जुनी नाटके मंडळीने केली. परंतु जुन्या नाटकांच्या पुण्याईवर मंडळी फार काळ तगणार नाही, हे ओळखून केशवरावांनी नव्या लेखकांना जवळ केले. आद्य स्त्री-नाटककारांपैकी एक असलेल्या हिराबाई पेडणेकर यांचे 'दामिनी' हे नाटक ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले. स्त्रीने लिहिलेले नाटक करण्यास अन्य मंडळ्या सहसा धजावत नसण्याचा तो काळ होता. वीर वामनराव जोशी यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' या नाटकातील मृणालिनीची केशवरावांची भूमिका विशेष गाजली. पुढे मामा वरेरकरांनी मंडळीसाठी लेखन केले. 'हाच मुलाचा बाप' या नाटकात हुंड्याचा, तर 'संन्याशाचा संसार' मध्ये धर्मांतराचा प्रश्न हाताळला होता. पौराणिक कथांत रमलेल्या संगीत रंगभूमीवर समकालीन सामाजिक विषय आणण्यात या नाटकांचा मोठा वाटा आहे.

गायन आणि सादरीकरण

केशवरावांनी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून शास्त्रीय संगीताची तालीम घेतली. उंच पट्टीतील धारदार आवाज आणि जोरकस तान ही त्यांच्या गायनाची वैशिष्ट्ये मानली जातात. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचणे हे नटाच्या गळ्यावर आणि नाट्यगृहाच्या रचनेवर अवलंबून असे. देखाव्यांकडेही त्यांचे बारकाईने लक्ष असे. रंगवलेल्या पडद्यांबरोबरच मखमली पडद्याचा वापर मराठी रंगभूमीवर रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

संयुक्त मानापमान

टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या या नाटकात केशवरावांनी धैर्यधराची आणि बालगंधर्वांनी भामिनीची भूमिका केली. ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी या प्रतिस्पर्धी संस्थांचे मालक एकाच रंगमंचावर उभे राहिल्याने हा प्रयोग मराठी नाट्येतिहासात संस्मरणीय ठरला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. मंडळीची धुरा बापूराव पेंढारकर यांनी सांभाळली. पुढे त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी ती परंपरा चालू ठेवली.

नाट्यगृह

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात तेथील नाट्यगृहे आणि रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले होते. परतल्यावर त्यांनी संस्थानच्या राजधानीत, म्हणजे कोल्हापुरात, खासबाग कुस्ती मैदान आणि त्याला लागून पॅलेस थिएटर उभारले. थिएटरचे बांधकाम १९१३ ते १९१५ या काळात झाले. कुस्ती आणि नाटक या दोन्ही कलांना एकाच आवारात आश्रय देणारी ही वास्तुरचना होती. १९५७ मध्ये या थिएटरला केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. राजवाड्याच्या नावाने ओळखली जाणारी वास्तू अशा रीतीने एका गरीब घरातून आलेल्या नटाच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, नाट्यगृहास भीषण आग लागली. रंगमंच, छत आणि प्रेक्षागृहाची मोठी हानी झाली. दुसऱ्या दिवशी जयंतीनिमित्त जमलेल्या रंगकर्मींना जळालेली वास्तू पाहावी लागली. नाट्यगृह पूर्वीच्याच रूपात उभे राहावे, अशी मागणी कलावंत आणि नागरिकांनी केली. राज्य शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. अशा कामात अग्निसुरक्षा, वीजयंत्रणा आणि आसनव्यवस्था आजच्या गरजेनुसार असावी लागते. त्याच वेळी दगडी भिंती, रंगमंचाचे प्रमाण आणि ध्वनियोजना हा वारसाही जपावा लागतो. ध्वनिक्षेपकाविना गाणाऱ्या नटाच्या नावाच्या वास्तूत यांपैकी ध्वनियोजनेचे महत्त्व सर्वाधिक आहे. केशवरावांच्या पद्धतीचे गायन ज्या प्रकारच्या वास्तूसाठी घडले, तिचा हा एक मोजका उरलेला नमुना आहे.