हेलन केलरच्या बाई

हेलन केलर हे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या अंध व बधिर मुलीच्या हाती ज्यांनी भाषा दिली, त्या ॲन सुलिव्हन यांचे चरित्र फारसे कोणी सांगत नाही.

ॲनचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका दरिद्री आयरिश कुटुंबात झाला. पाचव्या वर्षाच्या सुमारास खुपऱ्यांनी तिची दृष्टी अधू झाली. पुढे आई वारली. १८७६ साली तिला व तिच्या धाकट्या भावाला ट्यूक्सबरी येथील सरकारी अनाथालयात धाडण्यात आले. काही महिन्यांतच भाऊ तेथे दगावला. तपासणीसाठी मंडळी आली असता मला शाळेत घाला, अशी याचना या मुलीने स्वतःच केली, आणि १८८० साली बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत तिचा प्रवेश झाला. तेव्हा चौदाव्या वर्षी तिला धड लिहिता-वाचता येत नव्हते! शस्त्रक्रियांनी तिला काहीसे दिसू लागले. १८८६ साली ती वर्गात पहिली आली.

३ मार्च १८८७ रोजी सुलिव्हनबाई अलाबामातील टस्कंबिया गावी केलर कुटुंबात दाखल झाल्या. हेलनला सात वर्षेही पुरी झाली नव्हती. ती कोणाच्याही ताटात हात घाली, अडविल्यास लाथा मारी. तिच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढून बाई शब्द शिकवीत. ५ एप्रिल रोजी पंपाच्या धारेखाली तिला शब्दाचा अर्थ उमगला, ही कथा प्रसिद्धच आहे.

आम्हांस मात्र त्यानंतरची गोष्ट अधिक मोलाची वाटते. नुकतेच बोल समजू लागलेले एक तान्हे मूल बाईंनी पाहिले. त्याला कोणी ठराविक तासाला धडे देत नव्हते. घरची माणसे बोलत व ते ऐकत असे. मग हेलनच्या तळहातावर तसेच का बोलू नये? बाईंनी वेळापत्रक बाजूस ठेवले आणि पूर्ण वाक्यांत तिच्याशी बोलण्यास आरंभ केला. भूगोल नदीकाठी चाले. खड्यांचे बांध, बेटे, सरोवरे हेलन आपल्या हातांनी रची.

पुढे रॅडक्लिफ महाविद्यालयात बाई प्रत्येक व्याख्यान हेलनच्या हातावर उतरवीत; ब्रेलमध्ये नसलेली पुस्तके आपल्या शिणलेल्या डोळ्यांनी वाचून तिला सांगत. १९०४ साली हेलन पदवीधर झाली. पदवी एकीला मिळाली, अभ्यास दोघींनी केला होता!

अखेरच्या वर्षांत बाईंची दृष्टी जवळजवळ गेलीच. २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्या निवर्तल्या. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये त्यांच्या अस्थी आहेत. १९६८ साली हेलनच्या अस्थीही त्यांच्याशेजारीच ठेवण्यात आल्या.