वर्ध्याचा क्रांतिकारक, मेक्सिकोचा मका शास्त्रज्ञ : डॉ. पांडुरंग खानखोजे

वर्धा : इंग्रजांविरुद्ध लढायला म्हणून घर सोडलेला वर्ध्याचा एक तरुण पुढे मेक्सिकोतला नामांकित कृषी शास्त्रज्ञ झाला. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांचं नाव. आपल्याकडच्या नव्या पिढीला ते फारसं ठाऊक नाही.

खानखोजेंचा जन्म 1884 चा. वय विशीच्या आसपास असताना ते देशाबाहेर पडले आणि अमेरिकेत पोहोचले. तिथं त्यांनी शेतीचं शिक्षण घेतलं, सोबत गदर पक्षाच्या उभारणीतही भाग घेतला. पहिल्या महायुद्धात ते इराणच्या बाजूला इंग्रजांविरुद्ध लढले. युद्ध संपलं, पण मायदेशाचं दार बंद झालं होतं. परतले असते तर थेट अटक.

हाती शेतीचं ज्ञान होतं, पण कसायला स्वतःची माती नव्हती. ती मेक्सिकोनं दिली. तिथं नुकतीच क्रांती झाली होती, जमिनीचं वाटप सुरू होतं आणि शेती जाणणारी माणसं सरकारला हवी होती. अमेरिकेत असताना झालेल्या मेक्सिकन लोकांच्या ओळखी कामी आल्या. 1924 मध्ये ते तिकडे गेले आणि चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले.

मेक्सिको म्हणजे मक्याचं माहेर. मक्याचा रानटी भाऊबंद असलेलं तेओसिंते नावाचं गवत तिथं आजही उगवतं. खानखोजेंनी मका आणि या गवताचा संकर करून नवे वाण तयार करण्याचं काम केलं. गव्हावरही संशोधन केलं. हे काम इंग्रजांच्या भारतात त्यांना करताच आलं नसतं.

पण नुसतं वाण काढून ते थांबले नाहीत. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांचा या कामाला पाठिंबा होता. मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीत रिवेरांनी काढलेलं भित्तिचित्र आहे. त्यात पंगतीला भाकर वाटणारा माणूस खानखोजेच असल्याचं मानलं जातं.

1936 मध्ये त्यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. संसार तिकडेच रुजला.

1947 ला देश स्वतंत्र झाला, तरी अडचण संपली नाही. इंग्रजांच्या जुन्या काळ्या यादीत नाव असल्यानं सुरुवातीला त्यांना भारतात यायची परवानगीच मिळेना. अखेर 1949 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारच्या बोलावण्यावरून ते आले. नागपूर-वर्धा तेव्हा त्याच प्रांतात होतं. मात्र उमेदीची चाळीसेक वर्षं परदेशात गेली होती. वय पासष्टीला टेकलेलं. नव्यानं प्रयोगशाळा आणि शेतं उभी करायला हाती तेवढा काळ उरला नव्हता.

पुढे ते कायमचे नागपुरात राहायला आले. 22 जानेवारी 1967 रोजी त्यांचं निधन झालं. मेक्सिकोला वर्ध्याचा शास्त्रज्ञ ऐन उमेदीत मिळाला. विदर्भाच्या वाट्याला आलं ते त्याचं म्हातारपण.