स्मरण : जंगल वाचवायला निघालेला रबर मजूर, चिको मेंडेस

आज २२ डिसेंबर. १९८८ साली याच दिवशी ब्राझीलमधल्या शापुरी गावात चिको मेंडेस यांना त्यांच्याच घराच्या मागच्या दारात बंदुकीने ठार मारण्यात आलं. आठवडाभरापूर्वीच त्यांनी ४४ वर्षं पूर्ण केली होती. ते ना शास्त्रज्ञ, ना मोठे पुढारी. ॲमेझॉनच्या जंगलात रबराचा चीक काढून पोट भरणारे मजूर होते.

चिको यांचा जन्म १५ डिसेंबर १९४४ चा, आक्रे राज्यातला. नवव्या वर्षापासून ते वडिलांबरोबर जंगलात जायला लागले. पहाटे पायवाटेने एकेका झाडाला चीर द्यायची, खाली वाटी लावायची आणि नंतर चीक गोळा करायचा. झाड मरत नाही, वर्षानुवर्षं चीक देतं. पण मालकाच्याच दुकानातून उधार माल घ्यायचा आणि मालकाच्याच वहीत हिशेब. मजुरांची पोरं शिकली तर हिशेब विचारतील, म्हणून मालक शाळाच होऊ देत नसत. चिको वाचायला शिकले ते मोठेपणी, जंगलात लपून राहिलेल्या एका राजकीय कार्यकर्त्याकडून.

१९७० नंतर तिथं रस्ते आले आणि पाठोपाठ गुरांचे मोठे मालक आले. त्यांनी जंगल तोडलं, जाळलं आणि कुरणं केली. झाड गेलं की मजुराची भाकरी गेली. तेव्हा मजुरांनी एक साधा उपाय काढला. तोड सुरू झाली की बायका-पोरांसह सगळ्यांनी करवतींपुढे जाऊन उभं राहायचं आणि तोडणाऱ्या मजुरांना समजावून परत पाठवायचं. १९८० मध्ये संघटनेचे नेते विल्सन पिन्हेरो यांचा खून झाला, तरी चिको मागे हटले नाहीत.

१९८५ मध्ये राजधानीत रबर मजुरांची राष्ट्रीय बैठक भरली. तिथून मागणी पुढं आली, की जमीन सरकारची राहू द्या, पण चीक, फळं, बिया गोळा करायचा हक्क तिथं राहणाऱ्यांना द्या. ज्या आदिवासींशी पूर्वी वैर होतं, त्यांनाही चिको यांनी सोबत घेतलं. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. पण गावात धमक्या चालूच होत्या. पोलीस पहारा घरात असताना खून झाला. १९९० मध्ये एका गुरेमालकाला आणि त्याच्या मुलाला प्रत्येकी १९ वर्षांची शिक्षा झाली.

त्याच वर्षी मार्चमध्ये चिको यांच्या नावानं ९ लाख हेक्टरहून मोठं राखीव जंगल जाहीर झालं. लोकांना बाहेर न काढता राखलेलं जंगल.

गोष्ट इथं संपत नाही. रबराला भाव राहिला नाही, तशी त्या राखीव जंगलातही गुरं शिरली. काही मजुरांनीच झाडं तोडून कुरणं केली. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण शेतमालाचा भाव पडला की काय होतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. जंगल राखणाऱ्याला हक्काचा कागद लागतो, तसा त्याच्या मालाला भावही लागतो. चिको यांनी हक्क मिळवून दिला. भावाची लढाई अजून बाकी आहे.