क्रांतिसिंह नाना पाटील

इंग्रजी अमदानीत खेड्यातील शेतकऱ्याला सरकारचे दर्शन घडे ते तलाठ्याच्या रूपाने. राजा सातासमुद्रापलीकडे, गव्हर्नर मुंबईस आणि कलेक्टर जिल्ह्याच्या गावी. तलाठी मात्र दप्तराचा रुमाल काखोटीस मारून प्रत्यक्ष चावडीत येऊन बसे. कोणाच्या नावावर किती जमीन आहे, कोणत्या शेतात कोणते पीक उभे आहे, सारा किती येणे आहे आणि तो कोणी थकविला आहे, हे सारे त्याच्या वहीत टिपलेले असे. सरकारी उतरंडीतील सर्वांत खालचे मडके ते हेच. सातारा जिल्ह्यात अशाच एका तलाठ्याने १९३० साली आपले दप्तर सरकारला परत केले. आणि पुढे तेरा-चौदा वर्षांच्या आत त्याच जिल्ह्यातील शेकडो खेड्यांत त्याच्या नावाने एक निराळेच सरकार चालू लागले. त्या तलाठ्याचे नाव नाना रामचंद्र पिसाळ. महाराष्ट्र त्यांना क्रांतिसिंह नाना पाटील ह्या नावाने ओळखतो.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी बहे-बोरगाव येथे झाला. त्यांचे गाव येडेमच्छिंद्र. वाळवे तालुक्यातील हे गाव मच्छिंद्रगडाच्या पायथ्याशी वसले आहे; कृष्णेचा काठही तेथून दूर नाही. तेव्हा हा सारा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. आता तो सांगली जिल्ह्यात आहे. घर शेतकऱ्याचे. नानांचे शिक्षण बेताचेच झाले. परंतु त्या काळी मुलकी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या खेड्यातील मुलाला सरकारी नोकरीचे दार उघडत असे. तसे ते नानांनाही उघडले. शरीर मात्र त्यांनी तालमीत कमावले होते. उंच, धिप्पाड देह, भरघोस मिशा, डोक्यास फेटा, अशी ही मूर्ती गर्दीतही सहज ओळखू येई. पुढे भूमिगत होऊन पोलिसांना चुकवीत हिंडण्याचा प्रसंग आला, तेव्हा ही गोष्ट काही सोयीची नव्हती!

त्या वेळी सातारा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून सत्यशोधक विचारांचे वारे वाहत होते. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे जलसे गावोगाव होत. कर्ज काढून लग्न करू नका, मुलांना शाळेत घाला, कोणी उच्च नाही व कोणी नीच नाही, ही शिकवण शेतकऱ्यांच्या कानी त्यांच्याच बोलीतून पडे. तरुण नानांच्या मनात ही शिकवण खोल रुजली. त्यातच तलाठी म्हणून काम करताना गावाचे अंतरंग त्यांच्यासमोर उघडे झाले. कोणाची जमीन सावकाराकडे कशी गेली, दुष्काळी वर्षातही सारा कसा वसूल होतो, कोणाच्या शब्दाला चावडीत वजन असते आणि कोणाला बाहेर ताटकळत उभे राहावे लागते, हे सारे तलाठ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला, आणि नानांनी नोकरीचा राजीनामा दिला. हा निर्णय आज वाचताना सोपा वाटतो. परंतु शेतकऱ्याच्या घरातील कायमची सरकारी नोकरी म्हणजे केवढा आधार! शिवाय पत्नी अकालीच निवर्तली होती. हौसा ही लहानगी मुलगी घरी होती. तिला वडीलधाऱ्यांच्या हाती सोपवून नाना चळवळीत उतरले. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत त्यांना अनेक वेळा तुरुंगवास घडला. सुटून यावे, गावोगाव सभा घ्याव्या आणि पुन्हा पकडले जावे, असा जणू क्रमच पडला. त्यांची भाषणे हा ह्या सर्वांचा प्राण होता. नांगर, मोट, बैल, बी-बियाणे, सासुरवाशीण आणि सावकार ह्यांचेच दाखले देत ते बोलत. मध्येच हशा पिकवीत, आणि हसता हसता ऐकणाऱ्याला आपल्या दैन्याची लाज वाटू लागे. थोर विद्वानांची व्याख्याने ज्यांना कळत नसत, ती माणसे नानांची सभा ऐकण्यासाठी मैलोगणती पायपीट करून येत.

१९४२ चा ऑगस्ट उजाडला. इंग्रजांनो, चालते व्हा, ही मागणी मुंबईहून निघाली आणि पुढारी एका रात्रीत गजाआड झाले. सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे नेण्याचे ठरविले. हाती शस्त्र नाही, केवळ तिरंगी झेंडा. ३ सप्टेंबरला तासगावी हजारो लोक कचेरीवर गेले, झेंडा लागला आणि रक्त न सांडता मोर्चा परतला. परंतु ९ सप्टेंबरला वडूज येथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हाती झेंडा घेऊन अग्रभागी चाललेले परशुराम घार्गे व त्यांचे सोबती, असे नऊ जण धारातीर्थी पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरासही गोळीबार झाला. तेथे दोघांचे प्राण गेले.

ह्या दोन दिवसांनी चळवळीचे रूप पालटले. रिकाम्या हातांनी कचेरीपुढे जाऊन उभे राहिले तर गोळी मिळते. मग त्या कचेरीकडे जायचेच कशाला? गावाने आपला कारभार आपणच पाहिला, तर कचेरी ओस पडेल. हा विचार हळूहळू दृढ होत गेला, आणि १९४३ सालापासून प्रतिसरकार आकारास आले.

प्रतिसरकार म्हणजे इंग्रज सरकारला शह देणारे लोकांचे सरकार. त्याला राजवाडा नव्हता, कचेरी नव्हती, राजधानीदेखील नव्हती. गावकऱ्यांनी निवडलेले पंच देवळात नाही तर एखाद्या मळ्यातील झाडाखाली बसत आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून सर्वांच्या देखत निवाडा करीत. बांधाचा तंटा, भाऊबंदकी, सावकाराने बळकावलेली जमीन, नांदवत नसलेली सून, अशी नाना प्रकारची गाऱ्हाणी तेथे येत. तालुक्याच्या कोर्टात जो तंटा वर्षानुवर्षे रेंगाळे आणि वकिलाच्या खर्चापायी बैल विकण्याची पाळी आणी, तो येथे एका बैठकीत मिटे. निवाड्यास स्टँप लागत नसे. युद्धाचे दिवस असल्याने धान्याची टंचाई होती. दडविलेले धान्य बाहेर काढून ते गरिबांस रास्त भावाने देण्याची व्यवस्था पुष्कळ गावांतून झाली. दारूच्या भट्ट्या मोडल्या गेल्या. वाचनालये निघाली. लग्ने थोड्या खर्चात, हारतुऱ्यांवर उरकली जाऊ लागली. त्यांना लोक गांधीविवाह म्हणत. लग्नापायी कर्ज आणि कर्जापायी जमीन, ह्या फेऱ्यात सापडलेली घरे नानांनी जवळून पाहिलेली होती. ह्या एका सुधारणेने किती घरे वाचली असतील, ह्याचा हिशोब कोणत्याही दप्तरात लिहिलेला नाही.

ह्या सरकारला रक्षणासाठी दलही लागले. कुंडल गावी जी. डी. लाड, म्हणजेच जी. डी. बापू, ह्यांच्या पुढाकाराने तुफान सेना उभी राहिली; गावोगावचे तरुण तेथे कवायत शिकत. कुंडल हे औंध संस्थानातील गाव. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी १९३९ सालीच प्रजेला स्वराज्याचे अधिकार दिले होते. त्यामुळे भूमिगतांना त्या भागात थोडा मोकळा श्वास घेता येई. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, वाईकडचे किसन वीर आणि असे कितीतरी तरुण आपापल्या भागाची धुरा वाहत. रोजचा कारभार ह्या तरुणांच्या हाती होता. नाना त्यांचे वडीलधारे. ते एका गावी फार काळ राहत नसत. पण नानांचा शब्द आहे एवढे म्हटले की गाव ऐके.

पैसा हवा होता. तो कोणाकडून घ्यावा? गरिबांकडून घेणे शक्य नव्हते. तेव्हा सरकारचाच पैसा सरकारविरुद्ध वापरावा असे ठरले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी आगगाडी अडविण्यात आली. १४ एप्रिल १९४४ रोजी तर साताऱ्याच्या तरुणांनी खानदेशात जाऊन चिमठाण्याजवळ धुळ्याचा सरकारी खजिना, सुमारे साडेपाच लाख रुपये, लुटला.

प्रतिसरकारच्या शिक्षेबद्दल मात्र त्या काळी व नंतरही पुष्कळ वाद झाला. दरोडेखोर, गरिबांना नाडणारे गुंड, पोलिसांना बातम्या देणारे फितूर ह्यांच्या तळपायांवर काठीने मार देण्यात येई. बैलांच्या खुरांना पत्री ठोकतात, तशीच ही माणसाला ठोकलेली पत्री, असे लोक म्हणू लागले. आणि प्रतिसरकारचे पत्री सरकार झाले. खरोखरीचे लोखंड माणसांच्या पायांत ठोकतात, अशी कंडी सरकारच्या बाजूने पिकली आणि दूरवर पसरली. ती खरी नव्हती. पण मार खराच होता. गांधीजींच्या नावाने उभ्या राहिलेल्या चळवळीत तो कसा बसावा, हा प्रश्न तेव्हाच्या विचारी माणसांना पडला होता. कार्यकर्त्यांचे उत्तर असे की, तुरुंग नसलेल्या सरकारने दरोडेखोराचे काय करावे? हे उत्तर सर्वांना पटले नाही. तथापि दरोडेखोरांचा उपद्रव थांबला आणि रात्री निर्धास्त झोप लागू लागली, ही गोष्ट त्या भागातील म्हाताऱ्या बायका पुढे कित्येक वर्षे सांगत असत.

नानांना पकडून देणाऱ्यास सरकारने बक्षीस लावले. त्यांचे घर व जमीन जप्त केली. घरच्या माणसांना आसरा उरला नाही. हौसाताईंच्या मामांनी दिलेली बैलजोडी व गाडी भाड्याने हाकून, गूळ, शेंगा आणि जोंधळा वाहून त्यांनी दिवस काढले. त्याच हौसाताई मोठ्या झाल्यावर स्वतः भूमिगतांच्या कामात उतरल्या. बक्षिसाची रक्कम गरीब शेतकऱ्याचा जन्म पालटण्याजोगी होती. नाना ज्या झोपड्यांतून भाकरी खात, ज्या गोठ्यांतून निजत, त्यांतील कोणालाही ती मिळविता आली असती. परंतु साडेतीन वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी नाना सरकारच्या हाती लागले नाहीत.

१९४६ साली प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली, वॉरंटे रद्द झाली आणि नाना उघडपणे लोकांत आले. त्यांना पाहण्यासाठी अफाट जनसमुदाय लोटत असे. प्रतिसरकारचे काम थांबले. नंतर वर्षभरात देश स्वतंत्र झाला, आणि सर्वांना वाटले की नानांचे काम आता संपले.

नानांना तसे वाटले नाही. इंग्रज गेला, पण कुळाची जमीन कुळाच्या नावावर झाली काय, मजुराच्या घरी दोन वेळची चूल पेटते काय, असे प्रश्न ते विचारू लागले. काँग्रेसमध्ये राहून ह्या प्रश्नांची उत्तरे मिळणार नाहीत असे वाटल्याने केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळी वेगळी झाली होती. त्यांच्या शेतकरी कामकरी पक्षात नाना १९४८ साली सामील झाले. ह्या पक्षाची मुळे कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, विशेष खोल गेली. अलिबागेजवळच्या चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप चालविला होता. पेण-रोह्याकडील भातशेती करणाऱ्या कुळाचे दुःख आणि कृष्णाकाठच्या जोंधळा पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख एकाच जातीचे होते. नाना स्वतः मात्र काही वर्षांतच तो पक्ष सोडून कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५५ साली डहाणू येथे भरलेल्या अखिल भारतीय किसान सभेच्या अधिवेशनात ते अध्यक्ष झाले.

ह्या मार्गाने जाताना जुने सोबती दुरावले. बेचाळीसच्या लढ्यात त्याच जिल्ह्यात भूमिगत राहून काम केलेले यशवंतराव चव्हाण १९५६ साली मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. नाना विरोधात उभे राहिले. त्याच वेळी संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला होता, आणि म्हातारपणाकडे झुकलेले नाना पुन्हा गावोगाव हिंडू लागले. १९५७ च्या निवडणुकीत साताऱ्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठविले. दिल्लीच्या त्या सभागृहात नाना मराठीतून बोलले. ज्या भाषेत शेतकरी आपले गाऱ्हाणे चावडीत मांडतो, त्याच भाषेत ते देशाच्या सर्वोच्च सभेत मांडले गेले. १९६७ साली ते पुन्हा निवडून आले, तेही आपल्या जिल्ह्यातून नव्हे, तर दूरच्या मराठवाड्यातील बीडमधून.

ज्यांच्या नावाने एके काळी सरकार चालले, त्या नानांच्या वाट्याला स्वतंत्र भारतात मंत्रिपद कधी आले नाही. सत्तेत गेलेल्या जुन्या सोबत्यांविषयी त्यांच्या मनात काय असेल ते असो. त्यांचा स्वतःचा वेश, भाषा आणि राहणी शेवटपर्यंत येडेमच्छिंद्रच्या शेतकऱ्याचीच राहिली.

६ डिसेंबर १९७६ रोजी मिरज येथे नानांचे देहावसान झाले. अंत्यसंस्कारासाठी त्यांना वाळव्यास नेण्यात आले. ज्या गावच्या घरांनी भूमिगत नानांना रात्री-अपरात्री दार उघडले होते, त्या गावच्या मातीत कृष्णाकाठच्या लोकांनी त्यांना अखेरचा निरोप दिला.