डॉक्टर पंजाबराव देशमुख : शेतकऱ्याला बाजारात उभे करणारा पुरुष

वऱ्हाडची काळी जमीन कापसाबद्दल विख्यात आहे. आगगाडी आल्यापासून अकोल्याचा कापूस मुंबईस व तेथून विलायतेस जाऊ लागला; परंतु ज्याने तो पिकविला त्याच्या पदरी पुष्कळदा कर्जच उरले. असे का व्हावे, ह्याचा शोध घेऊन त्यावर उपाय योजण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या डॉक्टर पंजाबराव देशमुख ह्यांचे चरित्र प्रत्येक खेडुताने जाणून घेण्याजोगे आहे.

पंजाबरावांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ ह्या गावी 27 डिसेंबर 1898 रोजी शेतकऱ्याच्या घरी झाला. वडिलांचे नाव शामराव व आईचे राधाबाई. गावची शाळा संपल्यावर ते चांदूर, कारंजा व अमरावती येथे शिकले, आणि पुढे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गेले. 1920 साली ते विलायतेस गेले. तेथे एडिंबरो व ऑक्सफर्ड येथील पदव्या मिळवून व बॅरिस्टर होऊन ते 1926 साली परतले. इतके शिकलेला मनुष्य शहरात राहून पुष्कळ पैसा मिळवू शकला असता. पण त्यांचे मन खेड्यांतून निघाले नाही.

ज्या कारंज्यास ते शिकले तेथील बाजाराची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. सरकारच्या देखरेखीखालील कापसाचा बाजार ह्या देशात प्रथम कारंज्यास 1886 साली सुरू झाला, आणि 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. अडते व मापारी ह्यांनी परवाना घ्यावा, मन मानेल तशी कपात करू नये, असा त्याचा हेतू होता. हेतू चांगला होता; परंतु बाजार चालविणाऱ्या कमिट्यांत व्यापाऱ्यांचे प्राबल्य असे, व माल आणणाऱ्या शेतकऱ्याचा तेथे कोणी नसे. 1928 साली शेतकीच्या शाही कमिशनानेही हा दोष दाखविला. शिवाय जो कर्जात बुडालेला आहे त्यास चांगल्या बाजाराचा काय उपयोग? ज्याचे देणे आहे तोच सावकार पीक हाती येताच दारात उभा राहतो, व तो देईल तो भाव घ्यावा लागतो.

म्हणून पंजाबरावांनी रोगाच्या मुळालाच हात घातला. प्रथम विद्या. ज्यास पावती वाचता येत नाही, त्यास तराजू खरा असूनही फसविणे सोपे असते. 1928 साली ते अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले. त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा प्रसार केला आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुल्या केल्या. त्याच्या आदल्या वर्षी अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात त्या लोकांस प्रवेश मिळावा म्हणून जी चळवळ झाली तिच्यातही ते पुढे होते. पुढे त्यांनी स्थापिलेल्या श्रीशिवाजी शिक्षण संस्थेने वऱ्हाडभर शाळा व कॉलेजे काढिली, आणि हजारो शेतकऱ्यांची मुले शिकली.

मग कर्ज. 1930 साली ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. त्या वेळी जगभर मंदी येऊन कापसाचा भाव कोसळला होता, व शेते सावकारांच्या घशात जात होती. कर्ज लवादाचा जो कायदा 1933 साली झाला त्यासाठी त्यांनी झटून काम केले. सावकार व ऋणको ह्या दोघांस लवाद मंडळासमोर बसवून, कर्जाची रक्कम तोडून, ती झेपतील अशा हप्त्यांनी फेडण्याचा करार करून देणे, ही त्या कायद्याची रीत होती. दोन्ही पक्ष राजी झाले तरच काम साधे, हा त्यातील उणेपणा होता. तरी पुष्कळांना श्वास घेण्यास अवकाश मिळाला.

पुढे ते घटना समितीत बसले, आणि 1952 पासून 1962 पर्यंत दिल्लीस शेतकी खात्यात मंत्री होते. 1955 साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापिला. जातीचा, प्रांताचा भेद न ठेवता शेतकऱ्यांनी एका संस्थेत यावे हा त्याचा उद्देश. ह्या समाजाने 1959 च्या डिसेंबरात दिल्लीस जागतिक कृषी मेळा भरविला, व खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांनी दूरदेशींची अवजारे व पिके डोळ्यांनी पाहिली.

त्याच काळात बाजाराचे दोन नवे आधार उभे राहिले. 1956 च्या कायद्याने सरकारी वखारींची सोय झाली. सुगीत सर्वांचा माल एकदम येतो व भाव पडतो. अशा वेळी माल वखारीत ठेवून, तिच्या पावतीवर कर्ज काढून, शेतकऱ्यास थांबता यावे ही त्यातील युक्ती. आणि 1958 च्या 2 ऑक्टोबरास सहकारी खरेदी-विक्री संस्थांचा ‘नाफेड’ हा देशव्यापी संघ स्थापन झाला. खात्यात पंजाबरावांहून वरिष्ठ मंत्री होते. म्हणून ह्या सर्वांचे श्रेय एकट्या त्यांस देणे न्यायाचे होणार नाही. परंतु शेतकऱ्याची बाजू सतत मांडणाऱ्यांत ते अग्रेसर होते, ह्यात संशय नाही.

10 एप्रिल 1965 रोजी दिल्लीस त्यांचा अंत झाला. चार वर्षांनी, 1969 साली, अकोल्यास त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ निघाले. मोर्णेच्या पश्चिम तीरावरील जुन्या शहरातून पूल ओलांडून पलीकडे गेले की त्याची शेते लागतात.

वाचकहो, पंजाबरावांनी आरंभिलेले काम पुरे झालेले नाही. कापसाचा भाव पडला की वऱ्हाडातील घरांत आजही काळजी शिरते, व कर्जापायी कित्येकांनी आपला जीवही घेतला आहे. कायदा, वखार, संघ ही सर्व साधने आहेत. पण एकेकट्याने गेलेल्या मनुष्याच्या हाती ती लागत नाहीत. ह्यास्तव आपल्या गावी इतके तरी करावे : तोलाची पावती घेतल्याशिवाय माल देऊ नये, ज्यास वाचता येते त्याने शेजाऱ्याची पावती वाचून द्यावी, आणि दहा घरांनी आपला थोडा थोडा माल एकत्र करून एकाच दिवशी बाजारात न्यावा. दोन मणांच्या धन्यास जो व्यापारी ओळख देत नाही, तोच दहा घरांच्या मालापुढे आपण होऊन थांबतो.